‘पुढे घेऊन जा’: कोकणातल्या १०८ आणि कॅज्युअल्टी सेवेचं परीक्षण

पोलादपूरपासून बांद्यापर्यंत कुठेही रात्री कुणाच्या छातीत दुखलं, फुरसं चावलं किंवा हायवेवर गाडी आपटली, तर रुग्ण साधारण तीन हातांतून जातो. आधी १०८ ची गाडी. मग जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा एखादं खाजगी नर्सिंग होम. शेवटी मोठं रुग्णालय, म्हणजे रत्नागिरीचं किंवा ओरोसचं सिव्हिल, नाहीतर घाट चढून कराड-कोल्हापूर, नाहीतर सीमा ओलांडून गोव्यातलं बांबोळी. रुग्णाच्या दृष्टीने ही एकच सेवा असल्यामुळे परीक्षणही तिन्हींचं एकत्र केलं आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो. गाडी बरी आहे, शेवटचं टोकही बहुतेक वेळा बरं आहे, मार बसतो तो मधल्या टप्प्यावर. तिथे कायद्याने जे करायलाच हवं ते न करता ‘हय होवचा नाय, पुढे न्या’ एवढ्यावर भागवलं जातं, आणि नातेवाइकांनाही ते रास्त वाटतं. ते रास्त नाही.

कायदा काय देतो, काय देत नाही

१९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा विषय निकालात काढला. अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने हात लावला नाही. ‘पोलीस केस आमच्याकडे घेत नाहीत’ म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवलं आणि तो वाटेतच गेला. न्यायालयाने सांगितलं की डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव वाचवणं पहिलं. पोलीस, पंचनामा, नोंदी हे सगळं नंतर. घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी हे थेट जोडलं गेलं. पुढे १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सरकारी रुग्णालयांची पाळी आली. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या शेतमजुराला एकामागून एका सरकारी रुग्णालयाने ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवलं, शेवटी त्याला खाजगीत सतराएक हजार खर्च करावे लागले. न्यायालयाने २५,००० रुपये भरपाई द्यायला लावली आणि पैशाची अडचण सांगून राज्याला हात झटकता येणार नाहीत, असं बजावलं. आज ‘बेड नाय’ हे वाक्य ऐकलं की हा निकाल आठवावा.

रस्ते अपघातासाठी मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ आहे. कामावर असलेल्या डॉक्टरने कागदपत्रांची वाट न पाहता जखमीला ताबडतोब तपासून उपचार द्यायचे, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ आहे. प्रत्येक रुग्णालयाने, खाजगीनेसुद्धा, मोफत उपचार द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं. न दिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, २०१० मधलं कलम १२ दिलेलं असतं. महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेलाच नाही. काउंटरवर ते कलम फेकलंत तर समोरचा माहितगार माणूस गालातल्या गालात हसेल. आपल्याकडे चालतो तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आणि त्याखालचे २०२१ चे सुधारित नियम. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं या नियमांनी बंधनकारक आहे. चिपळूण, कणकवली, कुडाळ कुठेही गेलात तरी रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर ही सनद शोधा. कॅलेंडर आणि गणपतीच्या फोटोमध्ये ती कुठेतरी असते, किंवा नसते. नसेल तर तीही तक्रारीची बाब आहे.

या सगळ्यातून मिळतो तो हक्क नेमका एवढाच: जीव धोक्यात असताना पहिल्या दारात रुग्णाला तग धरेल अशा स्थितीत आणणं. पूर्ण उपचार त्याच ठिकाणी मिळतीलच असं नाही. खाजगीत बिल येणार नाही असंही नाही, नंतर ते येतंच. दहा खाटांच्या नर्सिंग होमने मेंदूचं ऑपरेशन करावं अशी कुणाचीच अपेक्षा नाही. पण रक्त थांबवणं, श्वासाची वाट मोकळी करणं, ऑक्सिजन, सलाईन, झटके आटोक्यात आणणं, पहिलं इंजेक्शन, मान आणि मोडलेलं हाड बांधून स्थिर करणं, हे ज्याच्या दारावर डॉक्टरची पाटी आहे त्याला जमायलाच हवं.

१०८: दहापैकी सात

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स आणि ७०४ बेसिक. गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असतो, हा या सेवेचा सगळ्यात मोठा गुण. गाडीचे पैसे द्यायचे नसतात. कुणी डिझेलचे मागितले तर देऊ नका, गाडीचा नंबर आणि वेळ टिपून ठेवा.

सात गुण का, दहा का नाही? कॉल पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. फोन उचलणाऱ्याला तुमचा गाव माहीत असण्याचं कारण नाही, आणि कोकणात पत्ता सांगणं हेच अर्धं युद्ध असतं. मधलीवाडी, तेलीवाडी, खालचीवाडी प्रत्येक गावात आहे. म्हणून क्रम असा ठेवा: जिल्हा, तालुका, महसुली गाव, मग वाडी, मग एसटीच्या थांब्याचं नाव किंवा हायवेवरचा किलोमीटरचा दगड. ‘सड्यावर’, ‘व्हाळाच्या पलीकडे’ हे पुण्यातल्या माणसाला कळत नाही. फाट्यावर विजेरी घेऊन माणूस उभा करा आणि त्याचा नंबरही कॉलवरच देऊन टाका. बांदा, सातार्डा, आरोंदा या बाजूला मोबाईल गोव्याचा टॉवर पकडतो. तिथेही १०८ च आहे, त्यामुळे कॉल तिकडे लागू शकतो. पहिलं वाक्यच ‘महाराष्ट्र, सिंधुदुर्ग जिल्हा’ असं असू द्या.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘पेशंट सिरीयस आहे’ यातून काहीच कळत नाही, सगळेच तसं म्हणतात. ‘वय ५५, छातीत दुखतंय, घाम फुटलाय, अर्धा तास झाला’ किंवा ‘बेशुद्ध आहे, श्वासाला घरघर लागलीय’ असं सांगितलं तर ॲडव्हान्स गाडी द्यायची की जवळची बेसिक, हे ठरवणं त्यांना शक्य होतं. व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर ॲडव्हान्समध्ये असतात. बेसिकमध्ये ऑक्सिजन, स्ट्रेचर आणि प्राथमिक औषधं यावर काम चालतं. गाडी कुठून निघतेय ते विचारा. ती चाळीस मिनिटांवर असेल आणि दारात रिक्षा किंवा सुमो उभी असेल, तर नियंत्रण कक्षाला सांगून निघा आणि गाडीला वाटेत गाठा. मात्र आंब्यावरून किंवा माडावरून पडलेल्याला हे लागू नाही. त्याचा कणा दुखावला असेल तर रिक्षात दुमडून बसवल्याने पाय कायमचे जाऊ शकतात. त्याला तिघा-चौघांनी एकदम, अंग न पिळता, फळीवर किंवा दाराच्या पल्ल्यावर घ्यायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावायचे आणि गाडीचीच वाट पाहायची.

घर पाखाडीच्या वर असेल तर स्ट्रेचर जांभ्याच्या पायऱ्यांवरून उतरवणं कठीण जातं. शुद्धीत असलेल्या रुग्णाला हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, कमरेला लुंगी बांधून, मागे एक आणि पुढे दोघांनी उतरवणं हे आम्ही पाहिलेल्या सगळ्या उपायांत जास्त सुरक्षित. हे काम गाडी येण्याआधी उरकलेलं असलं की वेळ वाचतो. आणि खाडीच्या गावांत जंगलजेटीच्या, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या, भरवशावर राहू नका. दाभोळ–धोपावे किंवा तवसाळ–जयगड फेरीने दिवसा अंतर झटकन कापता येतं, पण रात्री फेरी बंद असते आणि गाडीला खाडीला वळसा घालून यावं लागतं. बाळंतिणीसाठी आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची वेगळी मोफत गाडी आहे. तिचा चालक बहुतेक वेळा आरोग्य केंद्राजवळच राहतो, म्हणून सातव्या महिन्यातच त्याचा नंबर आशाताईंकडून घेऊन ठेवावा.

आता गाडीतल्या ऑक्सिजनबद्दल, कारण इथे हिशेब कुणी करत नाही. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लावला तर तो १५० मिनिटं पुरतो, १५ लिटर लावला तर १०० मिनिटं. रत्नागिरी ते कोल्हापूर आंबा घाटातून सुमारे १३० किलोमीटर. पावसाळ्यात, ट्रकमागे अडकत, तीन तास सहज जातात. म्हणजे १० लिटरवर १,८०० लिटर हवा, आणि एक सिलिंडर साखरपा-आंबा पार करून पुढे कुठेतरी संपतो. निघण्यापूर्वी गेजवरचा काटा बघा आणि दुसरा भरलेला सिलिंडर गाडीत आहे का ते विचारा. हा प्रश्न विचारला म्हणून कुणी रागावत नाही. डॉक्टरच आधी मान डोलावतात.

मधला टप्पा: दहापैकी चार

फुरशाच्या दंशाचं उदाहरण घेऊ, कारण कोकणात ते नेहमीचं आहे आणि पहिल्या दाराची खरी परीक्षा तिथे होते. गडग्याच्या दगडांत, काजूच्या पाल्यात, भातकापणीला हे जनावर असतं. भारतात मिळणारी प्रतिसर्पविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून आणायची गरज नसते. आरोग्य केंद्रात काय व्हायला हवं? शिरेतून दोन मिली रक्त काढून ते स्वच्छ, कोरड्या काचेच्या परीक्षानळीत घालायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष भिनलं आहे. नळी काचेचीच हवी. प्लास्टिकमध्ये किंवा डिटर्जंटने धुतलेल्या नळीत चांगलं रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. इतक्या स्वस्त तपासणीसाठी ‘लॅब सकाळी उघडेल’ हे कारण होऊच शकत नाही.

विष भिनल्याची लक्षणं असतील तर पहिला डोस साधारण १० कुप्यांचा, सलाईनमधून तासाभरात. मूल असलं तरी डोस तेवढाच, कारण विष वजन बघून भिनत नाही. पावडरच्या कुपीत १० मिली पाणी घालून ती हलकेच फिरवायची असते. घाईने जोरात हलवली की फेस होतो आणि वेळ जातो. लसीची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रिनलीन सिरिंजमध्ये भरून उशाशी हवं. मधल्या टप्प्यावर टाळाटाळ होते ती नेमकी इथे. लस फ्रिजमध्ये असते, पण रिॲक्शनच्या धास्तीने डॉक्टर ‘ओरोसला न्या’ म्हणतात, आणि दीड तासानंतर तीच लस तिथे लागते. तेवढ्या वेळात हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं असतं, कधी मूत्रपिंडाला इजा होते. चापड्यासारख्या काही सापांवर ही लस चालत नाही, हेही खरं. पण ते तपासणीनंतर ठरवायचं, दारात नाही.

पहिल्या दारावर काम होऊ शकतं, याचा पुरावा कोकणातच आहे. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास सुरू केला. प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो हे त्यांनी दाखवलं, त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी द्यायला आयसीयू लागत नाही.

छातीत दुखण्याच्या बाबतीत मधल्या टप्प्याची चूक वेगळी असते. रात्री अकराला आलेल्या माणसाला ‘गॅस झालाय’ म्हणून पँटोप्राझोलचं इंजेक्शन देऊन घरी धाडलं जातं. दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी हा सर्वमान्य निकष आहे. यंत्र आज बहुतेक ग्रामीण रुग्णालयांत असतं, अडतं ते कागदाच्या रोलवर किंवा ते चालवणाऱ्या ब्रदरच्या ड्यूटीवर. पट्टी काढून तिचा फोटो सिव्हिलच्या फिजिशियनला पाठवणं, ॲलर्जी नसेल तर ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देणं, औषधासाठी शिरेत सुई लावून ठेवणं, इतकं झालं की रुग्ण पुढे पाठवण्यात गैर काही नाही. गर्भारपणातल्या झटक्यांतही तसंच. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, देऊनच गाडीत घालायचं. तो न देता महाडहून अलिबागला किंवा गुहागरहून चिपळूणला पाठवणं म्हणजे बाईला वाटेत झटका यायला मोकळीक देणं.

रेफर चिठ्ठी

आम्ही या सगळ्या सेवेची प्रत एका कागदावरून ओळखतो. वाईट चिठ्ठी अशी दिसते: केस पेपरच्या मागच्या बाजूला ‘रेफर टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट’, खाली वळणदार सही, वेळ नाही, शिक्का अर्धवट उमटलेला. तिच्यावरून पुढच्या डॉक्टरला काहीही कळत नाही. रुग्ण किती वाजता आला होता, तेव्हा बीपी किती होतं, पेनकिलर दिलंय की झोपेचं इंजेक्शन, धनुर्वाताचं दिलंय का, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

चांगल्या चिठ्ठीत आल्याची आणि निघाल्याची वेळ असते. नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजनचं प्रमाण आणि शुद्धीचा जीसीएस आकडा दोन्ही वेळचा असतो. दिलेलं प्रत्येक औषध, मात्रा आणि घड्याळाची वेळ असते. मोठा रक्तस्राव असेल तर तो रोखणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड कधी दिलं हे तर हवंच, कारण ते जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तरच उपयोगाचं. रुग्ण का पाठवला याचं खरं कारण हवं: ‘सीटी स्कॅन नाही’, ‘सर्जन रजेवर’, ‘रक्त उपलब्ध नाही’. पुढच्या रुग्णालयात कुणाशी बोलणं झालं, त्या डॉक्टरचं नाव हवं. सहीखाली नोंदणी क्रमांक हवा.

या शेवटच्या दोन-तीन ओळी डॉक्टर लिहायला नाखूश असतात, आणि नातेवाइकांनी आग्रह धरायचा तो त्यांचाच. ‘डॉक्टर, तुम्ही पाठवताय तर आमची ना नाही, पण तिथे फोन करून खाट आहे ना एवढं विचारा, आणि नाव चिठ्ठीवर लिहा’, असं हळू आवाजात सांगितलं की दहातले सात डॉक्टर फोन उचलतात. आवाज चढवला की तेच सात जण दार लावून घेतात. फोन न करता पाठवलेला रुग्ण अर्धी रात्र घाटात काढून कोल्हापूरला पोचतो आणि तिथे न्यूरोसर्जन दुसऱ्या ऑपरेशनमध्ये असतो. मग तिथून आणखी पुढे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर कुठला घाट चालू आहे हेही आधी विचारून घ्यावं. दरड आली की आंबा, करूळ, कुंभार्ली यातला एखादा बंद असतो आणि गाडी निम्म्या वाटेतून माघारी फिरते. जमलं तर चिठ्ठीचा आणि ईसीजीचा फोटो गाडी सुटण्याआधी मोबाईलवर काढून ठेवा. भिजलेल्या, चुरगळलेल्या कागदापेक्षा तो कामाला येतो.

खाजगी डॉक्टरांची बाजूही आहे, ती डावलून हे परीक्षण पुरं होणार नाही. तालुक्याच्या गावातलं नर्सिंग होम म्हणजे अनेकदा एक डॉक्टर, रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक मावशी. रुग्ण दगावला तर तोडफोड होईल, कोर्टात खेचतील, या भीतीने ते दारातूनच वाटेला लावतात. भीती खोटी नाही. पण मदत न करता परत पाठवणं कायद्याच्या दृष्टीने जास्त धोक्याचं आहे, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना कुणी सांगितलेलं असतं. कोलकात्यातल्या एका खाजगी रुग्णालयाने बसने उडवलेल्या विद्यार्थ्यावर उपचार सुरू केले आणि अनामत रक्कम भरली नाही म्हणून मध्येच थांबवले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००५ मध्ये त्या रुग्णालयाला १० लाख रुपये द्यायला लावले.

पैसा

अनामतीचा प्रश्न रुग्णालय कुठल्या प्रकारचं आहे यावर ठरतो. धर्मादाय ट्रस्टचं असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना लागते: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि तातडीच्या वेळी आधी दाखल करून जीव वाचवायचा. पाटीवर ट्रस्टचं नाव किंवा ‘धर्मादाय’ शब्द आहे का, ते बघा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडून नंतर आणता येतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते फक्त योजनेत सामील असलेल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांनाच मिळतं. कॅज्युअल्टीतून मलमपट्टी करून घरी गेलात तर नाही. काउंटरवर बसलेल्या आरोग्यमित्राला थेट विचारा. रात्री तो नसेल तरी फोनवरून तातडीची मंजुरी घेण्याची सोय आहे, ‘सकाळी या’ हे उत्तर ग्राह्य नाही. हेल्पलाइन १५५३८८.

रस्ते अपघातासाठी मे २०२५ मध्ये केंद्राने कॅशलेस योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंत, नेमून दिलेल्या रुग्णालयांत. पोलिसांची ऑनलाइन पुष्टी लागते, म्हणून अपघात झाल्याझाल्या ११२ ला कळवणं फायद्याचं. परशुराम घाटात किंवा हातखंब्याला गाडी उलटली की लोक जखमींना उचलतात आणि नाव सांगायला नको म्हणून दारात ठेवून पळतात. पळायची गरज नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्याला नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही आणि त्याच्यावर केस होत नाही. एमएलसी, म्हणजे पोलीस केसची वैद्यकीय नोंद, करून पोलिसांना कळवणं हे रुग्णालयाचं काम, आणणाऱ्याचं नाही. हायवेवर नाणीजच्या संस्थानाच्या मोफत रुग्णवाहिकाही फिरतात. १०८ ला वेळ लागत असेल तेव्हा टपरीवाल्यांकडे त्यांचा नंबर हमखास मिळतो.

तक्रार केली तर

तक्रार कुठे करायची यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. खाजगी नर्सिंग होमविरुद्ध जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात, ट्रस्टच्या रुग्णालयाविरुद्ध धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात, डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं, आणि रुग्णालयाला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सरकारी रुग्णालयात जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, तिथे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निकालानेच ते ठरलं आहे. तिथे वरिष्ठांकडे लेखी तक्रार, मानवी हक्क आयोग किंवा उच्च न्यायालय हे मार्ग राहतात. आमदाराच्या माणसाने फोन केला की प्रकरण मिटलं असं समजू नका. कागद नसेल तर महिन्याभराने तो फोनही कुणाला आठवत नाही.

पुरावा साधा असतो. १०८ च्या कॉलची वेळ मोबाईलच्या कॉल लॉगमध्ये असते, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. दारातून परत पाठवलं तर केस पेपर काढायला लावा. ‘कशाला, जायचंच आहे तर’ असं म्हणतील, तरी काढा. तुम्ही तिथे गेला होता याची तेवढीच नोंद राहते. उपचारांची कागदपत्रं लेखी मागितल्यापासून ७२ तासांत द्यायची, हे डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कॅज्युअल्टीच्या दारातल्या सीसीटीव्हीचं फुटेज बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवावं असं चार ओळींचं पत्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच द्यावं. तक्रारीचा बाकी मजकूर तेरावं उरकल्यावर, किंवा रुग्ण घरी आल्यावर, निवांत बसून लिहिला तरी चालतो.